वाळू पोहायला, प्रवाळ पाहायला

शुक्रवारी रात्री मॅजेस्टिक आणि आनंदराव सर्कलच्या आसपास उभ्या असलेल्या स्लीपर बसच्या पाट्या वाचत गेलं, की गोकर्ण, मुरुडेश्वर, उडुपी, मंगळुरू अशी सगळी किनारपट्टी ओळीने भेटते. बंगळुरू समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंचावर. जवळात जवळचा समुद्रही तीनशेएक किलोमीटर लांब आणि मध्ये आडवा घाट. इथली मुलं पोहायला शिकतात ती बसवनगुडी ॲक्वाटिक सेंटरसारख्या तलावांत, तळाशी आखलेली काळी रेघ धरून. पण याच शहरातून पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचं श्री विजयपुरम, थेट विमानाने गाठता येतं. मालदीव आणि कोलंबो त्याहून जवळ. २०२४ मध्ये लक्षद्वीपमधल्या अगत्तीलाही थेट विमान सुरू झालं. त्यामुळे बंगळुरूतल्या मराठी घरांत नाताळच्या सुट्टीचा विषय निघाला की बेट कुठलं ते चटकन ठरतं. त्या बेटावरचा किनारा कुठला, हे मात्र टूर कंपनीवर नाहीतर इन्स्टाग्रामवर सोपवलं जातं.

आणि मग भरदुपारी, ऐन ओहोटीला, गुडघाभर पाण्यात धारदार दगडांवरून तोल सावरत कुटुंब उभं असतं. समोर समुद्र आहे, पण पोहायला पाणी नाही.

सरसकट ‘चांगला किनारा’ अशी गोष्टच नसते. पोहणाऱ्याला वाळूचा तळ हवा, हळूहळू खोल होत जाणारा, पायाला न टोचणारा. स्नॉर्केलिंग करणाऱ्याला, म्हणजे तोंडात नळी धरून आणि डोळ्यांवर मास्क लावून पालथं तरंगत खालचं जग बघणाऱ्याला, नेमकं उलटं हवं असतं. नुसत्या वाळूवर बघण्यासारखं फारसं काही नसतं. मासे असतात ते खडकाच्या आणि प्रवाळाच्या आडोशाला. त्यामुळे पोहण्याचा उत्तम किनारा आणि स्नॉर्केलिंगचा उत्तम किनारा सहसा एकच नसतो, आणि दोन्हींपैकी कुठलाही बाराही महिने, दिवसाच्या चोवीस तास उत्तम नसतो. खरा प्रश्न असा: कशासाठी, कुठल्या महिन्यात आणि कुठल्या वेळी?

हे समजून घ्यायला अंदमानातलं स्वराज द्वीप फार सोयीचं आहे. डिसेंबर २०१८ पर्यंत त्याचं नाव हॅवलॉक होतं. मराठी पर्यटक अंदमानला जातो तो मुख्यतः सेल्युलर जेलसाठी, सावरकरांची कोठडी बघायला. स्वराज द्वीप हे त्या यात्रेला जोडलेलं शेपूट. पण नकाशा उघडून बघितला, तर एवढ्याशा बेटात समुद्राचं निम्मं शास्त्र मावलेलं दिसतं.

पश्चिम बाजूला राधानगर. इथल्या किनाऱ्यांना क्रमांक आहेत, त्यात हा सात नंबर. ‘टाइम’ मासिकाने २००४ मध्ये त्याला आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं आणि तेव्हापासून प्रत्येक माहितीपत्रकात ते वाक्य छापलं जातं. कौतुक खोटं नाही. लांबलचक पांढरी वाळू, मागे उंच झाडांचं जंगल, सावकाश उतरत जाणारा तळ. डिसेंबर ते एप्रिलमध्ये पोहायला याहून सुखाची जागा भारतात शोधावी लागेल. पण मास्क लावून त्या वाळूवर तरंगलं, तर दिसते ती वाळूच. त्याच बेटाच्या वायव्येला एलिफंट बीच आहे. तिथे जेट्टीवरून होडीने किंवा जंगलातल्या वाटेने पायी जावं लागतं. २००४ च्या त्सुनामीनंतर किनाऱ्यावर आडवी पडलेली, सुकलेली झाडं अजून दिसतात. अंग पसरून पोहायला ही जागा बेताचीच, पण किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर, दोन-तीन मीटर पाण्याखाली प्रवाळ सुरू होतं.

पूर्वेकडचे तीन आणि पाच नंबरचे किनारे तिसऱ्याच स्वभावाचे. बहुतेक हॉटेलं याच बाजूला आहेत. भरतीला खिडकीतून पाणी हिरवंनिळं आणि अगदी जवळ दिसतं. ओहोटीला ते शेकडो मीटर मागे सरतं आणि खडक, मेलेल्या प्रवाळाचे तुकडे, मधूनमधून डबकी उघडी पडतात. हॉटेलच्या जाहिरातीतलं छायाचित्र कुठल्या वेळी काढलेलं असतं, हे सांगायला नको.

राधानगर आणि पाच नंबर यांच्यातला दुसरा फरक दिशेचा. मे-जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वारे पश्चिमेकडून लाटा आणतात, तेव्हा राधानगर खवळलेलं असतं आणि पूर्व किनारा तुलनेने शांत. डिसेंबर-जानेवारीत वारा ईशान्येकडून येतो. मग पूर्वेला पाणी चुळबुळतं आणि राधानगर शांत होतं. बेट कुठलंही असो, त्या महिन्यात वारा कुठून वाहतो ते बघायचं आणि बेटाच्या पाठीआडची बाजू निवडायची. हॉटेलांचे तारे आणि प्रवाशांची परीक्षणं वाचण्याआधी नकाशावर उत्तर दिशा शोधली, तर अर्धं काम होतं.

वाऱ्याचा हाच नियम आपल्या सुट्ट्यांना लावला की गंमत होते. पंधरा ऑगस्टला जोडून आलेला शनिवार-रविवार बंगळुरूच्या आयटीवाल्यांचा लाडका. पण तेव्हा गोकर्णपासून अगत्तीपर्यंत सगळा पश्चिम समुद्र उसळलेला असतो आणि अंदमानात पाऊस. त्या दिवसांत स्नॉर्केलिंग करायचंच असेल, तर श्रीलंकेचा पूर्व किनारा बघावा. त्रिंकोमालीजवळचं पिजन आयलंड हे तिथलं सागरी राष्ट्रीय उद्यान आहे आणि तिथला हंगाम साधारण मे ते सप्टेंबर. त्याच देशातल्या पश्चिमेच्या हिक्कडुवाचा हंगाम मात्र नोव्हेंबर ते एप्रिल. एका बेटाच्या दोन बाजूंची कॅलेंडरं उलटी.

लाटा नेहमी जवळच्या वाऱ्यानेच येतात असंही नाही. हिंदी महासागराच्या पार दक्षिणेला उठलेल्या वादळांच्या लाटा हजारो किलोमीटर प्रवास करून दोन-तीन दिवसांनी केरळ आणि लक्षद्वीपला येऊन थडकतात. आकाश निरभ्र, वारा पडलेला, आणि पाणी अचानक वाळू ओलांडून घरांपर्यंत. केरळमध्ये याला ‘कल्लक्कडल’ म्हणतात, म्हणजे चोरपावलांनी आलेला समुद्र. एप्रिल-मे, म्हणजे आपल्या उन्हाळी सुट्टीचेच हे दिवस. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही सरकारी संस्था अशा लाटांचे इशारे आणि लाटांची उंची रोज प्रसिद्ध करते. त्यांचं ‘समुद्र’ हे ॲपही आहे. हवामानाच्या ॲपवर नुसतं ऊन-पाऊस बघणारे पर्यटक इकडे फिरकत नाहीत, हे दुर्दैव.

पोहणाऱ्याचा खरा शत्रू मात्र उंच लाट नव्हे, परत जाणारं पाणी आहे. लाटा किनाऱ्यावर पाणी आणून ओततात. ते कुठून तरी परत जायलाच हवं. वाळूच्या पाण्याखालच्या बांधात जिथे खोलगट वाट सापडते, तिथून ते अरुंद प्रवाहाने समुद्रात धावतं. कोकणातला मच्छीमार एवढंच म्हणतो, ‘पाण्याला ओढ आहे.’ शास्त्रज्ञ याला रिप करंट म्हणतात आणि जोरदार प्रवाहाचा वेग सेकंदाला दोन मीटरच्या पुढे मोजला गेला आहे. ऑलिम्पिकमधला जलतरणपटूही त्याच्याविरुद्ध फार वेळ टिकणार नाही. घातकी गोष्ट अशी, की वरून बघताना हीच जागा सर्वांत शांत वाटते. दोन्हीकडे लाटा पांढऱ्या फुटत असतात आणि मध्ये गडद, गुळगुळीत पट्टा दिसतो. तलावात शिकलेला माणूस नेमका तिथे उतरतो. प्रवाहात सापडलं, तर किनाऱ्याकडे हात मारत दमायचं नाही. किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्याबाहेर पडायचं आणि मग लाटांबरोबर परतायचं. पोहवत नसेल तर तरंगत राहून हात उंचावायचा. हा प्रवाह माणसाला खाली ओढत नाही, बाहेर नेतो.

डिसेंबर २०२४ मध्ये कोलार जिल्ह्यातल्या शाळेची सहल मुरुडेश्वरला आली होती. चार मुली तिथे बुडाल्या आणि त्यानंतर काही काळ तो किनारा पर्यटकांना बंद ठेवण्यात आला. पाऊस सरलेला, हंगाम ऐन भरातला. म्हणून जीवरक्षक असलेला किनारा ही चैन समजू नये. गोव्यात २००८ पासून ‘दृष्टी’ या कंपनीचे जीवरक्षक आणि लाल-पिवळे झेंडे आहेत, आणि झेंड्यावरून वाद घालणारे पर्यटकही आहेत.

बेटांवर लाटांना अडवायला वाळूच्या बांधापेक्षा भक्कम भिंत असते, ती प्रवाळाची. लक्षद्वीप म्हणजे बुडालेल्या पर्वतांच्या माथ्यावर प्रवाळांनी उभी केलेली कंकणं. अशी कंकणाकृती बेटं कशी घडतात, याचा तर्क डार्विनने १८४२ मध्ये पुस्तकरूपाने मांडला होता. ज्वालामुखीचा डोंगर हळूहळू खचतो, त्याच्या कडेने प्रवाळ वर वाढत राहतं, आणि शेवटी डोंगर जाऊन कडं उरतं. लक्षद्वीपमध्ये जमीन बहुधा या कड्याच्या पूर्व अंगाला आहे आणि पश्चिमेला उथळ, शांत लगून. अरबी समुद्राच्या लाटा बाहेरच्या कड्यावर फुटतात. आत पाणी कमरेएवढं, छातीएवढं, काचेसारखं. अगत्ती, कदमत, बंगारम इथे पोहणं आणि स्नॉर्केलिंग एकाच पाण्यात साधतं ते यामुळे, आणि वरचा सहसाचा नियम मोडतो तो इथेच. तळाला वाळू, मधूनमधून प्रवाळाचे गोळे, अगत्तीला समुद्री गवत चरणारी हिरवी कासवं.

पण लक्षद्वीप म्हटलं की लगून आलंच असं धरून चालू नये. अँड्रोथ हे तिथलं मोठं बेट. त्याला लगून जवळपास नाहीच. अगत्तीलाही पूर्वेकडे लगूनचं संरक्षण नाही आणि तिथे खोली झपकन वाढते. लगूनमध्येही एक जागा टाळायची: कड्यातली खिंड, जिथून होड्या ये-जा करतात. लाटांनी कड्यावरून आत लोटलेलं पाणी ओहोटीला तिथूनच बाहेर पडतं. वर होडीचा पंखा, खाली प्रवाह.

मॉरिशसची गोष्टही अशीच. एकोणिसाव्या शतकात कोकणातून मजूर म्हणून गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज तिथे आजही गणपती बसवतात आणि समुद्रात विसर्जन करतात. बेटाभोवती जवळजवळ सगळीकडे प्रवाळाचं कडं असल्यामुळे किनारे शांत आहेत. दक्षिणेला ग्री-ग्री या ठिकाणी कडं तुटलेलं आहे. तिथे लाटा थेट कातळावर आदळतात आणि पोहण्याला मनाई आहे. आग्नेयेचा ब्लू बे मात्र संरक्षित सागरी उद्यान आहे, लोक तिथे प्रवाळ बघायला जातात. नद्यांच्या मुखांपाशीही कड्याला खिंडारं असतात, कारण प्रवाळाला गोडं पाणी आणि गाळ सोसत नाही.

या शेवटच्या कारणामुळेच कोकणात मालदीवसारखं पाणी का नाही, हेही कळतं. सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्या पावसाळाभर गाळ समुद्रात ओततात. लक्षद्वीपला नदीच नाही. तिथली वाळू प्रवाळ आणि शिंपल्यांच्या चुऱ्याची, बरीचशी तर पोपटमाशांच्या पोटातून आलेली. हा मासा चोचीसारख्या दातांनी प्रवाळ-खडक खरवडतो, त्यातलं खाद्य पचवतो आणि बाकी पांढरी वाळू मागे टाकतो.

तरीही मालवणकडे पाठ फिरवू नये. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये ज्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचं काम सुरू केलं, त्याच्या भोवतालच्या खडकांवर प्रवाळ आहे, आणि १९८७ मध्ये हा परिसर मालवण सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. दांडी किनाऱ्यावरून स्नॉर्केलिंगच्या होड्या सुटतात. दृश्यता काही मीटरच. ती वारा, भरती आणि दैव यांवर अवलंबून. डिसेंबर ते फेब्रुवारीत, सकाळी, वारा सुटण्याआधी गेलं तर पैसे वसूल. पोहणाऱ्यांसाठी जवळच चिवला किनारा आहे, जिथे डिसेंबरात समुद्री जलतरणाच्या राज्यस्तरीय स्पर्धा भरतात.

बंगळुरूला सर्वांत सोयीचं प्रवाळ मात्र नेत्राणीचं. मुरुडेश्वरपासून समुद्रात एकोणीसेक किलोमीटरवरचं हे खडकाळ बेट. पाणी मालवणपेक्षा पुष्कळ स्वच्छ, मासे भरपूर. फक्त तिथे किनारा नाही. होडीतून थेट खोल पाण्यात उतरायचं आणि होडीतच परतायचं. पायाखाली जमीन नसताना ज्याचा जीव घाबरा होतो, त्याने पहिल्यांदा मास्क लावायची जागा ही नव्हे. त्याने अगत्तीच्या लगूनमध्ये उभं राहून सुरुवात करावी. बंगळुरूच्या तलावात पन्नास फेऱ्या मारणाऱ्यालाही हे लागू आहे. तलावात दर पंचवीस किंवा पन्नास मीटरला भिंत असते.

उथळ पाण्याचा आणखी एक फायदा आहे. पाणी प्रकाशातला लाल रंग सर्वांत आधी शोषतं. पाच-सहा मीटर खाली लाल मासा करडा दिसू लागतो. म्हणून दोन-तीन मीटरवरचं प्रवाळ वरून तरंगत बघणाऱ्याला जे रंग दिसतात, ते खोल गेलेल्या स्कूबावाल्याला बॅटरीशिवाय दिसत नाहीत. सूर्य माथ्याजवळ असताना हे रंग खुलतात. अंदमानात याचा वेगळा हिशोब करावा लागतो, कारण घड्याळ भारताचं आणि सूर्य बंगालच्या उपसागराच्या पूर्व टोकाचा. डिसेंबरात तिथे संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. सकाळी आठ-नऊला पाण्यात असलेला माणूस शहाणा. जेवून, वामकुक्षी करून निघालेल्याला अंधारच भेटायचा.

वेळेचा दुसरा हिशोब भरती-ओहोटीचा. कोकणात तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते: अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. भरती रोज पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते, त्याचंच हे सोपं गणित. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा फरक कमी आणि प्रवाहही मवाळ. वेळेचं हे सूत्र अंदमानात जसंच्या तसं चालत नाही, तिथले तक्ते वेगळे. पण उधाण आणि भांग सगळीकडे चंद्रावरच ठरतात. मुंबईत उधाणाला पाणी पाचेक मीटर चढतं-उतरतं, अंदमानात दोन मीटरच्या आसपास, लक्षद्वीपला त्याहून कमी. प्रवाळावर तरंगायचं तर भरती पूर्ण होण्याच्या सुमाराची वेळ उत्तम. पाणी थबकलेलं असतं, स्वच्छ असतं, आणि पोट प्रवाळाला घासत नाही. घासलं तर माणसाला जखम होते. प्रवाळाची मात्र अनेक वर्षांची वाढ एका लाथेत जाते. गोळ्यासारखं वाढणारं प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतं.

किनाऱ्याला ‘ब्लू फ्लॅग’ आहे का, हे आता बरेच जण विचारतात. २०२० मध्ये भारतातल्या पहिल्या आठ किनाऱ्यांना तो मिळाला. त्यांत राधानगर होतं, कर्नाटकातले कासरकोड आणि पडुबिद्री होते. २०२२ मध्ये मिनिकॉय आणि कदमतचे किनारे आले. हे मानांकन पाण्याची स्वच्छता, शौचालयं, सुरक्षाव्यवस्था यांबद्दल बोलतं. तिथे प्रवाळ आहे का, जुलैत लाटा किती, याबद्दल ते काही सांगत नाही.

जनावरांची भीती बहुतेकांना शार्कची वाटते, जी भारतीय बेटांवर जवळपास निरर्थक आहे. अंदमानात भ्यायचं ते मगरीला. एप्रिल २०१० मध्ये राधानगरच्या टोकाला असलेल्या नील्स कोव्ह या भागात स्नॉर्केलिंग करणारी एक अमेरिकन तरुणी खाऱ्या पाण्यातल्या मगरीच्या हल्ल्यात मेली. ही मगर खाड्या आणि खारफुटीत राहते, पण समुद्रातूनही मैलोगणती पोहते. त्यामुळे खाडीचं तोंड, खारफुटीची कड आणि पहाट-संध्याकाळची वेळ टाळायची, इशाऱ्याचा फलक असेल तिथे उतरायचंच नाही. उथळ वाळूत पाकट, म्हणजे स्टिंगरे, पुरून बसलेला असतो. २०१३ च्या गणेशविसर्जनात गिरगाव चौपाटीवर अनेकांना त्याचा दंश झाला. पाय उचलून टाकण्याऐवजी वाळूतून घासत चाललं की तो आधीच निघून जातो.

बेट निवडताना आता पाण्याच्या तापमानाचीही चौकशी करावी लागते. नेहमीच्या उन्हाळी कमालीपेक्षा एखादा अंशही पाणी काही आठवडे तापलेलं राहिलं, तर प्रवाळ आपल्या अंगातलं रंगीत शेवाळ बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. लक्षद्वीपमध्ये हे १९९८, २०१०, २०१६ आणि पुन्हा २०२४ मध्ये घडलं. म्हैसूरच्या नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनचे रोहन आर्थर आणि त्यांचे सहकारी १९९८ पासून तिथल्या प्रवाळाची नोंद ठेवत आहेत. तेव्हाच्या तुलनेत जिवंत प्रवाळाचं आच्छादन आज निम्म्याच्या आसपास उरलं आहे. म्हणून दहा वर्षांपूर्वीच्या प्रवासवर्णनावर विसंबून जागा ठरवू नये. गेल्या हंगामात कुठे काय दिसलं, हे तिथल्या डायव्हिंग सेंटरला फोन करून विचारावं.

राहता राहिले घरातले आजी-आजोबा, ज्यांना मास्क लावायचा नाही आणि पोहताही येत नाही. त्यांच्यासाठी शहीद द्वीपावर, म्हणजे पूर्वीच्या नीलवर, लक्ष्मणपूरचा नैसर्गिक खडकपूल आहे. तिथे नियम उलटा: ओहोटीलाच जायचं. पाणी उतरलं की खडकांतल्या डबक्यांत समुद्रकाकड्या, खेकडे, छोटे मासे, क्वचित एखादा ऑक्टोपस घोटाभर पाण्यात बघायला मिळतो. ओहोटी पूर्ण होण्याच्या तासभर आधी पोहोचावं, पायात मागे पट्टा असलेली रबरी सँडल घालावी, आणि पाणी फिरलं की निघावं. शिंपले आणि प्रवाळाचे तुकडे खिशात टाकण्याचा मोह तिथेच सोडावा लागतो: प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, आणि परतीच्या विमानाआधी वीर सावरकर विमानतळावर सामान तपासलं जातं.